बी-बेचाळीसचा अभिप्राय

भानुदास खरात दर मंगळवारी पुस्तक बदलायला यायचा, त्यात त्याचा फायदा काय, हे मला पहिले दोन महिने उलगडलं नव्हतं. बाकी सगळ्यांचं ठाऊक होतं. धारपवहिनी यायच्या त्या आपण वाचतो हे चार जणांनी पाहावं म्हणून. सुरक्षा अधिकारी भोगले यायचे ते घरातून तासभर सुटका म्हणून. ट्रेनी इंजिनिअर यायचे ते धारपवहिनींच्या भाचीसाठी. ती सुट्टी संपवून नाशिकला परत गेली, तसं त्यांचं वाचन बंद पडलं. खरात मात्र कपाटाकडे बघायचासुद्धा नाही. कोळशाच्या पट्ट्यावरची ड्युटी संपवून तसाच यायचा, भुवयांपर्यंत काळा. टेबलाला हात लागू नये म्हणून दोन पावलं लांब उभा राहायचा आणि तळहातावर वर्तमानपत्राचा कागद पसरून हात पुढे करायचा. मी त्या कागदावर पुस्तक ठेवायचं, तो ते गुंडाळून काखेत मारायचा.

"कुठलं देऊ?" मी विचारायचो.

"द्या कुठलंबी. जाड द्या. बारीक लौकर सरतं."

"कादंबरी, कथा, प्रवासवर्णन? काहीतरी आवड असेल ना?"

"मागचं बरं होतं म्हनून सांगितलंय. तसलंच द्या."

म्हणून सांगितलंय. कुणी सांगितलंय? तिथे माझा हिशेब जुळला. हा नुसता हमाल. वाचणारं माणूस घरी आहे.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. मराठवाड्यातल्या एका वीजकेंद्राच्या कॉलनीत मी लेखा विभागात होतो. अडतीस वर्षांचा, कोकणातला, एकटा. लग्न कुणी अडवलं नव्हतं, ते आपलं राहून गेलं होतं. संध्याकाळी पाचनंतर काय करायचं हा प्रश्न असलेला कॉलनीतला मी एकमेव माणूस असेन, म्हणून क्लबच्या वाचनालयाचं मानद काम माझ्या गळ्यात पडलं. मंगळवार आणि शनिवार, साडेपाच ते साडेसात. क्लबच्या मागची खोली, सहा लोखंडी कपाटं, भिंतीवर एक मोठं घड्याळ, आणि पलीकडच्या हॉलमधून येणारा बॅडमिंटनच्या फुलाचा ठप ठप आवाज.

मी आल्यावर एक नियम केला. पुस्तक परत करताना वहीत अभिप्राय लिहायचा, खाली क्वार्टर नंबर टाकायचा. अभिप्राय नाही तर पुढचं पुस्तक नाही. लोक पुस्तकं नेतात आणि न वाचता परत आणतात असा माझा संशय होता आणि मला पुरावा हवा होता. महिन्यातून एकदा हॉलमध्ये व्हिडिओवर सिनेमा दाखवायचे, त्याचेही अभिप्राय मी त्याच वहीत मागवले.

पुरावा मिळाला. 'छान.' 'वाचनीय.' 'उत्तम.' 'बोधपर.' भोगले तर प्रत्येक पुस्तकाखाली लिहायचे, 'पुस्तक सुस्थितीत आहे.' धारपवहिनी मात्र अर्धं पान भरायच्या. 'मनाच्या गाभाऱ्यात नंदादीप लावून जाणारी साहित्यकृती.' त्यांनी त्या वर्षी असे चौदा नंदादीप लावले. एक पाककृतीच्या पुस्तकाखालीही होता.

आणि बी-४२.

पहिली नोंद होती एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवर. टपोरं, खाली दाबून लिहिलेलं अक्षर: 'राजा घोड्यावरून उतरतच नाही. घोड्याला पाणी कुणी दाखवलं ते कुठंच आलं नाही. दोनशे पानं घोडा तहानलेला आहे. बाकी लढाई चांगली ऐकली. बी-४२.'

मी ते दोनदा वाचलं. वही दाराशी स्टुलावर असायची, आणि घरून लिहून दिलेलंच खरात तिथे उभ्यानं उतरवतो, असं मी धरून चाललो. मग सवयीप्रमाणे लाल शाईनं 'ऐकली' खोडून 'वाचली' केलं. चुकलेली नोंद दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पुढच्या मंगळवारी प्रेमकथा आली: 'यातली बाई चार वेळा बेशुद्ध पडते. तिच्या घरात कामाला दुसरं कुणीतरी असणार.' त्यानंतर रहस्यकथा: 'सगळ्यांना चहा घ्या, चहा घ्या म्हणतो आणि स्वतः घेत नाही, त्यानंच खून केलाय हे आधीच कळलं. तरी शेवटपर्यंत गोडीनं ऐकलं.' पुन्हा लाल शाई. शहरातल्या एका नामवंतानं लिहिलेली खेड्यावरची कादंबरी दिली, तर: 'खेड्यातली माणसं दिवस मावळताना इतका वेळ बघत बसत नाहीत. तेव्हा चुलीत धूर झालेला असतो.' आणि हॉलमध्ये दाखवलेल्या एका रडक्या सिनेमावर, ज्याच्यावर धारपवहिनींनी पाऊण पान अश्रू ढाळले होते, बी-४२ नं दोनच ओळी लिहिल्या होत्या: 'पोरगा गेल्याचं कळल्यावर आई लगेच ओरडली. खरी आई आधी तव्यावरची भाकर उतरवते, मग ओरडते.'

कॉलनीत साडेचारशे क्वार्टर. त्यातल्या एकात असं माणूस राहत होतं, आणि मला रोज मेसमध्ये बदलीचे नियम ऐकत जेवावं लागत होतं.

मी वहीतच उत्तर द्यायला सुरुवात केली. पेन्सिलीनं, बारीक. 'घोड्याबद्दल सहमत.' पुढच्या खेपेला नवीन अभिप्रायाच्या आधी एक ओळ आली: 'तुम्हालाही घोडा दिसला, बरं वाटलं.' मग ते चालूच राहिलं. मी विचारायचो, 'शेवट पटला का?' उत्तर यायचं, 'शेवट लेखकाला घरी जायची घाई झाली म्हणून केलाय.' एकदा मी एका विनोदी पुस्तकाची फार स्तुती केली. उत्तर आलं: 'हसू आलं. पण ज्याला हसलो तो गरीब होता, म्हणून नंतर बरं वाटलं नाही. तुम्हाला वाटलं का?' मला वाटलं नव्हतं. मी ते पुस्तक पुन्हा काढून वाचलं, मग वाटलं.

आठवड्याचे बाकीचे दिवस मंगळवारची वाट बघण्यात जाऊ लागले. नवी पुस्तकं आली की पहिलं मी टेबलाच्या खणात ठेवायचो, बी-४२ साठी. धारपवहिनींनी एकदा विचारलं, "आठल्ये, ती यादीतली नवी कादंबरी आली नाही का हो?" मी म्हणालो, "बांधणीला गेलीय." नवीन पुस्तक बांधणीला कसं जाईल, हे विचारण्याइतक्या त्या पुस्तकाच्या जवळ कधी गेल्या नव्हत्या.

बी-४२ मध्ये खरातच्या घरी कोण, ते मी ऑफिसात वारसाच्या रजिस्टरवरून काढलं. भानुदास सखाराम खरात, मदतनीस. पत्नी: गयाबाई. मूल नाही. एवढ्यावर मी सगळी बाई उभी केली. शाळामास्तरांची मुलगी असणार, मॅट्रिक तर नक्की, वडील अकाली गेल्यामुळे या काळ्या माणसाच्या गळ्यात बांधली गेलेली. सडपातळ. चष्मा. हो, चष्मासुद्धा मीच लावून टाकला होता.

खरातशी मी जरा तुटकच वागायचो. त्याचा दोष एवढाच, की तो तिच्या घरी राहत होता.

"सायेब, एकदा चहाला या की घरी," तो म्हणाला होता, दिवाळीच्या सुमारास. "मंडळी म्हनती, त्या पुस्तकवाल्या सायबाला आना एकदा."

माझी नजर घड्याळाकडे गेली. "बघू. इथलं बंद करून मेसला जाईपर्यंत उशीर होतो हो."

"मंग ऐतवारी या."

"बघू."

तीनदा बोलावलं त्यानं. तिन्ही वेळा मी घड्याळ पाहिलं. जायचं नव्हतं असं नाही. पण त्या दोन खोल्यांत खरात मध्ये बसणार, ती आत चहा करणार, आणि आम्ही कोळशाच्या ओलेपणावर बोलणार, यात मला काय मिळणार होतं?

डिसेंबरात मी तिच्यासाठी माझ्या आवडीचं पुस्तक काढलं. माझं स्वतःचं, वाचनालयाचं नव्हे. भाड्याच्या खोलीत एकटा राहणाऱ्या एका कारकुनाची छोटीशी कादंबरी. ती मी पाच वेळा वाचली होती आणि पाचही वेळा शेवटी उठून खिडकी उघडावी लागली होती.

"हे बारीक हाय," खरात म्हणाला.

"असू द्या. सावकाश वाचायला सांगा."

पुढच्या मंगळवारी वही मी त्याच्या देखतच उघडली. 'हा माणूस एकटा आहे, एकटा आहे असं लेखक सारखं सांगतो. पण त्याच्याकडे कुणी आलं की तो घड्याळ बघतो. मग कोण येईल? बी-४२.'

मी वर पाहिलं. समोर घड्याळ होतं. सव्वासहा.

त्या ओळीखाली मी काहीच लिहिलं नाही. पण त्या आठवड्यात ठरवलं, की हिला भेटायचं. आणि मी ठरवलं म्हणजे ते साध्या मार्गानं व्हायचं नाही. जानेवारीअखेर क्लबचा वर्धापनदिन असायचा. मी समितीत ठराव मांडला: यंदापासून 'उत्कृष्ट वाचक' असं एक बक्षीस द्यावं, निवड ग्रंथपालाची. फाउंटन पेन आणि प्रशस्तिपत्र. ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला, कारण निवड धारपवहिनींचीच होणार याबद्दल समितीला शंका नव्हती. वहिनींनी नवी साडी काढल्याचं मला भोगल्यांनी सांगितलं.

नाव मी कुणालाही कळू दिलं नाही. खरातला फक्त म्हणालो, "वर्धापनदिनाला मंडळींना घेऊन या. नक्की."

"गाण्याबिण्याचा कार्यक्रम हाय का?"

"आहे म्हणा."

माझं गणित सोपं होतं. ती मंचावर येणार. मी तिला वही देणार. ती स्वतःच्या आवाजात घोड्याचा अभिप्राय वाचणार. साडेतीनशे माणसांना कळणार की या कॉलनीत वाचणारं माणूस कोण आहे, आणि तिला कळणार की ते ओळखणारं कोण आहे. पेन क्लबचं, मान तिचा. माझ्या वाट्याला तो आवाज.

हॉल भरला होता. पुढे खुर्च्यांवर अधिकारी आणि त्यांच्या मंडळी, मागे सतरंजीवर बाकीच्या बाया, दाराशी उभे पुरुष. मी माईकपाशी गेलो, नंदादीपाबद्दल एक बारीकसा चिमटा काढला, पुढच्या रांगेत तो वहिनींना बसलेला पाहिला आणि नाव वाचलं.

"सौभाग्यवती गयाबाई भानुदास खरात. क्वार्टर नंबर बी-बेचाळीस."

सतरंजीवर हालचाल झाली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. दारातल्या गर्दीत खरात दिसला. तो मान हलवत होता, जोरजोरात, नाही नाही म्हणून. मी मनात म्हटलं, बघा, बायकोचं कौतुकही सोसवत नाही.

मग ती उठली. सडपातळ नव्हती. चष्मा नव्हता. पन्नाशीकडे झुकलेली, ठेंगणी, हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेली. बायांमधून वाट काढत आली, पायऱ्या चढताना एका हातानं लुगडं सावरलं आणि माझ्यासमोर उभी राहून माझ्याकडे चांगलं निरखून पाहिलं. हसली. ओळखीचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटल्यावर हसतात, तसं.

"घोडावाले सायेब," ती हळू म्हणाली.

मी वही उघडली, खुणेचं पान काढलं, तिच्या हातात दिली आणि माईक तिच्यासमोर धरला.

"वाचा ना," मी म्हणालो. "तुमचाच अभिप्राय. सगळ्यांना ऐकू द्या."

तिनं वहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तुमीच वाचा सायेब."

"नाही, नाही. तुमच्या आवाजात वाचा. एवढं काय, चार ओळी तर आहेत."

ती वही धरून उभी राहिली. बोट पानावर ठेवलं, काढलं. मला वाटलं, लाजतेय. मी हसत हसत माईक आणखी जवळ नेला. माईकमधून तिचा श्वास सगळीकडे ऐकू यायला लागला. सतरंजीवरून कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी.

खरात मंचावर कधी आला ते कळलं नाही. ड्युटीवरून थेट आलेला, तसाच काळा. त्यानं तिच्या हातातून वही घेतली आणि वाचायला लागला. अडखळत वाचेल असं वाटलं होतं. पण तो असा वाचत होता की मागच्या भिंतीपर्यंत माईकशिवाय पोचावं. मोकळा, ठाय लयीतला आवाज. 'दोनशे पानं घोडा तहानलेला आहे,' इथे तो थांबला. हॉल हसला, आता बरं हसला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून धारपवहिनींचा गोड आवाज आला. "अहो आठल्ये, म्हणजे लिहितात हे आणि बक्षीस बाईंना? हे कुठलं खातं म्हणायचं?"

यावर मात्र सगळा हॉल हसला. बाकीच्यांबरोबर साहेबलोकही. खरातनं एकदा बायकोकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. त्यानं माईक स्वतःकडे वळवला.

"व्हय," तो म्हणाला. "मीच लिवतो. तिचं काय न्हाई त्यात."

मी प्रशस्तिपत्रावरचं 'सौ. गयाबाई' पेननं खोडलं आणि वर त्याचं नाव घातलं. चुकलेली नोंद दुरुस्त केली. त्यानं पेन घेतलं, दोघं खाली उतरले. ती सतरंजीवर बसली नाही, सरळ दाराबाहेर गेली.

मला राग आला. दुःख नव्हे, राग. तीन-चार महिने मी ज्या बाईशी बोलत होतो, ती म्हणजे भुवयांपर्यंत काळा असलेला हा माणूस? आणि यानं मला ते चालू ठेवू दिलं? मी मनातल्या मनात त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा लावून मोकळा झालो.

पुढच्या मंगळवारी तो आला. तळहातावर कागद. वहीत अभिप्राय होता: 'चांगलं आहे. बी-४२.'

मी पेन्सिल उचलली नाही.

त्याच्या पुढच्या वेळी: 'चांगलं आहे.' मग: 'चांगलं आहे.' चहाला या, असं त्यानं पुन्हा म्हटलं नाही. पट्ट्यावर त्याला लोक 'लेखक' म्हणायला लागले होते. कुणीतरी त्याच्या लॉकरवर खडूनं घोडा काढला. हे मला मेसमध्ये कळलं. नळावर बाया गयाबाईला 'बक्षीसवाल्या' म्हणतात, हेही कळलं. मी दोन्ही ऐकून घेतलं आणि आमटी वाढून घेतली.

मी पुन्हा मेसमधल्या बदलीच्या नियमांकडे वळलो. मंगळवार शनिवारसारखाच वाटायला लागला. खणात ठेवलेली नवी कादंबरी बांधणीहून परत आली म्हणून मी धारपवहिनींना देऊन टाकली. त्यांना त्यात नंदादीप सापडला.

जूनमध्ये खरातची बदली झाली, नागपूरकडच्या केंद्रात. बदली झाली की सतरा ठिकाणांहून ना-देय दाखला घ्यावा लागतो: पाणी, वीज, पतपेढी, वाचनालय. तो शेवटचं पुस्तक आणि दाखल्याचा कागद घेऊन आला. पहिल्यांदाच स्वच्छ आंघोळ केलेला पाहिला. खूप म्हातारा दिसला.

वहीत त्यानं लिहिलं: 'चांगलं आहे.' क्लबच्याच पेननं.

माझ्यातला राग अजून शिल्लक होता. "काय हो खरात, जाता जाता तरी खरं लिहा. पेन कशाला दिलंय तुम्हाला? त्या घोड्यानंतर एकदम दुष्काळच पडला की."

तो पेनाचं टोपण लावत होता. ते लागेना. लावून झाल्यावर म्हणाला, "हात तेवढा माझा हाय, सायेब. बोलनारी बोलंना झाली."

"म्हणजे?"

"आमच्या गावात सावनात पोथी लावायचे. मी वाचायचो, धा वर्सं. पोथीला दोन मानसं लागत्यात. एक वाचनारं, एक अर्थ सांगनारं. वाचनाऱ्याला अर्थ कळलाच पायजे असं न्हाई. आमच्या घरी तसंच. ती भाकरी टाकती, मी शेजारी बसून वाचतो. मधीच म्हनती, थांबा. ह्या बाईनं असं का केलं? मग सांगती. मी तुमच्या वहीत उतरतो. मला तर त्यातलं निम्मं तुमी पेन्सिलीनं लिवल्यावर कळायचं. तुमचं लिवलेलं घरी जाऊन तोंडपाठ सांगायचो तिला."

"आणि लिहायला, वाचायला…"

"शाळेत कोन घालतंय तिला."

पलीकडे बॅडमिंटनचं फूल ठप ठप करत होतं.

"मग त्या दिवशी मंचावर तुम्ही असं का म्हणालात?" मी विचारलं. "तिचं काही नाही म्हणून?"

"साडेतीनशे मानसाम्होरं म्हनू व्हय, माझ्या बायकूला अक्षर येत न्हाई? मी खोटा पडलो, चाललं." मग अगदी साध्या आवाजात, तक्रार नाही काही नाही, म्हणाला, "तुमी वाचा म्हनला, सायेब. सांगा म्हनला असता, तर घंटाभर बोलली असती. घरून ठरवून आली होती, तुमी भेटला तर काय काय इचारायचं ते. त्या एकट्या मानसाच्या पुस्तकाचं लई होतं तिच्या मनात."

मी वही चाळायला लागलो. काहीतरी करायला हवं म्हणून. चांगली ऐकली. गोडीनं ऐकलं. कान लावून ऐकलं. सगळ्यावर माझ्या लाल शाईच्या रेघा.

"आता काय म्हणतात त्या? पुस्तक ऐकून?"

"काय न्हाई. ऐकती. मी इचारतो, कसं हाय? म्हनती, चांगलं हाय. अक्षर न्हाई त्यानं चारचौघात बोलू न्हाई, म्हनती." त्यानं दाखल्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. या वेळी टेबलाला हात लावून. "भाईर टेम्पोपाशी उभी हाय. सामान भरलंय. दोन मिंटं चला, भेटा. तुमी काय बोलला तर कदाचित…"

फाटक तिथून शंभर पावलांवर. वाचनालयात दुसरं कुणी नव्हतं. मी जाऊन काय बोललो असतो? 'घोडा' एवढा एक शब्द पुरला असता. ते मला तेव्हाही कळत होतं, नंतर सुचलं असं नाही.

माझी नजर घड्याळाकडे गेली.

पावणेसात. खरं तर मला वेळ बघायचीच नव्हती. मान आपोआप वळली, इतक्या वर्षांची. परत वळवली तेव्हा खरात माझ्याकडेच बघत होता. त्यालाही ती ओळ पाठ असणार. त्यानंच लिहिली होती.

"असू द्या," तो म्हणाला. "तुमाला उशीर हुईल. तेवढी सही करा."

मी सही केली. शिक्का मारला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, फाटकापाशी एकदा घरघरला आणि गेला. त्या दिवशी मी वाचनालय बरोबर साडेसातला बंद केलं.

या गोष्टीला तीस वर्षं झाली. मी आता चिपळूणला असतो, निवृत्त, दोन खोल्या. नागपूरकडे दोन पत्रं पाठवली होती, पण पत्र पाठवून तरी काय. ते वाचून दाखवणार कोण, हे माहीतच होतं. एकाचंही उत्तर आलं नाही. डोळ्यांचं ऑपरेशन बिघडल्यापासून वाचन सुटलं. भाच्यानं मोबाइलवर पॉडकास्ट लावून दिलेत. त्यातला एक मला फार आवडतो. पुण्याची एक मुलगी आणि एक मुलगा पुस्तकांवर, सिनेमांवर तास-दीड तास बोलतात. मुलगी मधेच त्याला म्हणते, थांब, ह्या बाईनं असं का केलं? तिथे मी भाकरी तव्यावर असली तरी गॅस बंद करतो. शेवटी ते म्हणतात, तुमचं मत आम्हाला नक्की कळवा. गेल्या महिन्यात मी भाच्याकडून लिहून घेतलं. त्यानं विचारलं, "काय लिहू, मामा?" मी म्हणालो, "लिही, चांगलं ऐकलं." तो म्हणाला, "एवढंच?" उत्तर आलेलं नाही. त्यांना रोज शेकड्यांनी येत असतील.

अभिप्रायाची वही निवृत्तीच्या दिवशी मी कुठल्याही रजिस्टरात न लिहिता पिशवीत घालून आणली. सगळ्या नोकरीत केलेली ती एकच चोरी.

बाकी जमाखर्च असा. क्लबचं एक पेन गेलं. धारपवहिनींचं फक्त एक वर्ष गेलं, पुढच्या वर्षी बक्षीस त्यांनाच मिळालं. खरातनं साडेतीनशे माणसांसमोर खोटेपणा पत्करला आणि वर पाच महिने खडूचा घोडा. गयाबाईनं तिच्याकडे जे काही होतं ते सगळं भरलं. माझं काय गेलं, ते मी कुणाला दाखवू शकत नाही. कारण त्या दाखल्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, खाली सही, तारीख आणि गोल शिक्का: क्वार्टर नंबर बी-४२, काही देणे-घेणे नाही.